दोराला लागलेला हात

"हो तमाशो नाय," आबा मेतर म्हणाले. "दोराक हात लाव, मगे तुका काय काढूचा आसा ता काढ."

मी कॅमेरा डोळ्यापासून खाली घेतला. मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पण दोरावरची सगळी माणसं माझ्याकडे बघत थांबली होती आणि तेवढ्या वेळात समुद्र दोर आपल्या बाजूला ओढून घेत होता.

"आणि एकदा लावलंस काय जाळा भायर येयसर सोडूचो नाय. सोडलंस तर वाटो गेलो."

"मला वाटा नकोय, आबा."

"तुका नको आसात. रापणीक देवचो लागता."

मी दोर धरला. ओला, खरखरीत, मनगटाएवढा जाड. माझ्या पुढे एक बाई होती, लुगड्याचा काष्टा मारलेली, पन्नाशीची. मागे बाबल्या गिरकर नावाचा किडकिडीत गृहस्थ. माझा हात दोराला लागल्या लागल्या तो म्हणाला, "पेपरवाल्यानु, कंबर मोडली तर आमच्या नावान बातमी घालू नकात."

मी त्या वेळी एका दैनिकाच्या कोकण आवृत्तीत छायाचित्रकार होतो. कातळवाडीला मी रापणीसाठी आलो होतो. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं. होडी दोराचं एक टोक वाळूत ठेवून निघते, अर्धा गोल घेत जाळं सोडते आणि दुसरं टोक पुन्हा किनाऱ्याला आणून देते. मग दोन्ही टोकांना माणसं लागतात. हे जाळं कुणा एकाचं नसतं. प्रत्येक घराचा एक तुकडा, आणि त्या तुकड्यालाही ते जाळंच म्हणतात. घराघरांची जाळी एकमेकांना बांधली की रापण होते. ज्याचं जाळं आत आणि ज्याचा हात दोरावर, त्याला वाटा.

एके काळी ही रापण पुऱ्या खाडीमुखाला वेढा घालायची. आता तशी जागाही राहिली नव्हती. समुद्रानं सुरूंची रांग खाल्ली होती, मग सरकारनं काळ्या दगडांचा बंधारा घातला, आणि बंधारा ते कातळ एवढीच वाळूची पट्टी ओढायला उरली. पाठीशी दगड, समोर पाणी, हातात दोर. मागे सरकायला पावलं टाकत गेलं की पाठ बंधाऱ्याला लागायची. तिथे पोचलेला माणूस दोर न सोडता वळसा घेऊन पुन्हा पाण्याच्या कडेला येऊन उभा राहायचा. हे मी नंतर शिकलो. सुरुवातीला मी दोनदा दगडावर आपटलो.

"माग्येक डोळे नाय तुमका," पुढची बाई वळून न बघता म्हणाली.

"कॅमेरा आसा ना, वयनी," बाबल्या म्हणाला. "तो फुडचाच बघता."

ती सुभद्रा कोयंडे. सगळे तिला सुभावयनी म्हणत, मी वहिनी म्हणू लागलो. नवरा गेल्यावर त्याच्या जागी ती दोरावर आली होती. रापणीत बायका नंतर मासे वेचायला येतात, दोरावर सहसा नसतात. तिच्या घरून दुसरा हात नव्हता.

"मुलगा नाही?" मी विचारलं.

"आसा. रूपेश. गोव्याक हॉटेलात आसा."

मागून बाबल्या काही बोलला नाही. दिवसभरात तो गप्प राहिल्याचं मला तेवढंच आठवतं, पण तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही.

जाळं निम्म्यावर आलं आणि अडकलं. बंधाऱ्याचे काही दगड लाटांनी सुटून पाण्यात गेले होते, त्यातल्या एखाद्यात ते गुंतलं असावं. होडीवरच्या माणसानं हात वर केला आणि बुडी मारली. दोरावरची माणसं खाली बसली. दोर मांडीवर, एक हात त्यावर. बिड्या निघाल्या. ऊन आता डोक्यावर यायला लागलं होतं.

बाबल्याला बोलायला विषय हवाच होता. मी विचारलं, ही प्रकाशझोतातली मासेमारी सुरू झाल्यापासून इथे मासे येतात का. खोल समुद्रात रात्री मोठे दिवे लावून मासळी गोळा करायची आणि अख्खा थवा एका वेढ्यात उचलायचा, असल्या बोटींविरुद्ध तेव्हा किनाऱ्यावर सगळीकडे आंदोलनं चालू होती.

"खंयसून येतले? हय येवच्या आदीच वर उचलतत," तो म्हणाला. "म्हणान आमी ठरवला. देवळात नारळ ठेवन. लाईटच्या बोटीर ज्येच्या घरचो माणूस जायत, तेचा जाळा रापणीत नाय."

"मग काय करता? काढून टाकता?"

"काढतत. ज्येचा तेना आपल्या हातान सोडला तर परत बांधूक येता, फुडल्या वर्षाक, धा वर्षान, कधी पण. पण गाववाल्यांनी सोडला तर ता कायमचा. मगे तेच्या नातवाक पण दोर नाय."

"कुणाचं सोडलंय अजून?"

"अजून नाय," आबा मध्येच म्हणाले. ते माझ्या मागे बंधाऱ्याच्या दगडावर बसले होते. "एक जाळा कमी झाला काय त्या कातळाकडे भोक पडता. इतक्याच घरांची रापण ही. आता कोणाचा सोडूक परवडना नाय."

वहिनी समुद्राकडे बघत होती. मग एकदम वळून हसली. "भाऊ, मगाशी माझो फोटो काढलात नाय? दाखवा बगूया. दोर ओढताना मी कशी दिसतंय ता तरी कळांदे."

मी डावा हात दोरावर ठेवून उजव्या हातानं कॅमेऱ्याचा मागचा पडदा तिच्याकडे केला आणि एकेक फोटो मागे नेऊ लागलो. ती, तिचे हात, बाबल्या तोंड वाकडं करून, होडी, आबा. तिनं स्वतःचा फोटो बघून तोंडाला पदर लावला. "अगे बाय माझे. ही तर माझी सासू दिसता."

"आणखी मागे आहेत," मी म्हणालो आणि बटण दाबत राहिलो. सकाळचे फोटो संपले. त्याच्या आधी त्या कार्डात दुसऱ्या बंदरावरचं काम होतं. आदल्या दिवशी तिथे दिव्यांची एक बोट पकडून आणली होती. खलाशांना डेकवर ओळीनं बसवलं होतं, सगळ्यांनी तोंडाला टॉवेल गुंडाळलेले. मी फोटो घेत असताना एकानं टॉवेल खाली ओढून नेमकं कॅमेऱ्याकडे बघितलं होतं. म्हणूनच तो फोटो चांगला होता. कोवळा, रुंद जबड्याचा, डोळे दिव्याच्या उजेडानं लाल झालेले.

वहिनीच्या तोंडावरचा पदर तिथेच राहिला. हसू गेलं.

मी वर बघितलं तेव्हा आबा माझ्या खांद्यावरून वाकून पडद्याकडे बघत होते. बराच वेळ बघत होते. मग सरळ झाले.

"उनात काय दिसना नाय," ते म्हणाले आणि आपल्या जागेवर जाऊन बसले.

मी कॅमेरा बंद केला. वहिनी दोरावर वाकली आणि अगदी हळू, ओठ न हलवल्यासारखं बोलली.

"हो फोटो पेपरात येतलो?"

"पाठवलाय. उद्या यायचाय."

"काढूक सांगा."

"वहिनी, पाठवल्यावर तो माझ्या हातात नसतो. पानं ऑफिसात लावतात."

"लागली?"

"संध्याकाळी लागतात."

"म्हणजे आजून लागूक नाय." तिनं कातळावरच्या टेकडीकडे नजर टाकली. वर सातेरीचं देऊळ होतं. "देवळाकडे रेंज येता. खाली येना नाय."

मी माझ्या हातातल्या दोराकडे बघितलं, तिनंही बघितलं. त्याच वेळी होडीवरून आरोळी आली, जाळं सुटलं होतं. आबा उठले.

"हा, उठा. आता कोणी दोर सोडूचो नाय. आता सोडल्यार फाटतला."

आम्ही उठलो. मी म्हणालो, "जाळं आलं की लगेच जातो." ती ओढत होती.

तो शेवटचा टप्पा मला फार लांब वाटला. भरलेलं जाळं पाण्यात असेपर्यंत जड वाटत नाही, उथळात आलं की जमीन ओढल्यासारखं होतं. मागे सरका, पाठ दगडाला, वळसा, पुन्हा पाण्याकडे. प्रत्येक फेरीला टेकडी समोर यायची आणि पाठीमागे जायची. पायवाट इतकी जवळ होती की तिच्या पायऱ्या मोजता आल्या असत्या. माझ्या सवयीप्रमाणे मी मनात हिशेब मांडत होतो: आमचे उपसंपादक देशिंगकर जेवून डेस्कवर येतील, आतली पानं आधी लागतात, पहिलं शेवटी. आमच्या कामात आयुष्यातल्या बहुतेक गोष्टी वेळेत बसवता येतात असं माझं तोवरचं मत होतं. इथे दोर हातात होता आणि तो सोडायची मुभा नव्हती. समोरच्या बाईच्या खांद्याची हाडं लुगड्यातून वरखाली होताना दिसत होती. ती माझ्याइतकीच अडकलेली होती, फक्त तिला सुटायची वाट माझ्यातून होती.

जाळं आलं. मधल्या झोळीत बहुतेक जेलीफिश होते, काचेच्या लगद्यासारखे थबथबीत. त्याच्याखाली थोडे बांगडे, बोटाएवढे पेडवे, एक मोरी, म्हणजे लहान शार्क. कुणी नाराजी दाखवली नाही. टोपल्या आल्या, माणसं जाळ्याभोवती बसली आणि जेलीफिश उचलून फेकायला लागली.

मी दोर खाली ठेवला आणि टेकडी चढलो.

देवळाच्या दीपमाळेपाशी देशिंगकरांना फोन लागला. मी कारण न सांगता विचारलं, बंदराचा फोटो कुठे लागतोय.

"कुठेच नाही. पूर्ण पान जाहिरातीला गेलं. तुझं बंदर गेलं बासनात, बोटीची बातमी फक्त एका कॉलमात. तू आहेस कुठे? रापण झाली?"

"आत्ताच झाली."

"मग तिचा एक आडवा फोटो दे. पहिल्या पानावर खाली जागा आहे. वरून, सगळे दिसतील असा. आणि लगेच."

मी वाकून खाली बघितलं. आडवा फोटो समोरच होता. वाळूवर पसरलेलं जाळं, एका बाजूला काळा बंधारा, दुसरीकडे पाणी, आणि जाळ्याच्या कडेनं वाकलेली सगळी माणसं. लांब पल्ल्याची लेन्स लावून मी चार-पाच फोटो घेतले. त्यातला एक फोनवर उतरवून पाठवला. देशिंगकरांनी खालची ओळ विचारली. मी तिथेच तोंडी सांगितली: 'मासळी आटली, किनारा आक्रसला, तरी कातळवाडीच्या घराघरांची जाळी आजही एकत्र बांधलेली आहेत. शनिवारी रापण ओढून झाल्यावर जाळं साफ करताना ग्रामस्थ.'

"झकास," ते म्हणाले.

मी धावतच उतरलो. चांगली बातमी घेऊन माणूस कसा उतरतो तसा.

खाली टोपल्या तशाच पडल्या होत्या. निम्मे जेलीफिश जाळ्यातच होते. कुणी साफ करत नव्हतं. माणसं जाळ्याच्या कडेनं दोन-दोन करून बसली होती आणि त्यांचे हात जाळी जिथे एकमेकांना जोडलेली होती तिथे होते. बाबल्या एकटाच उभा होता.

"काय झालं?"

"सुभावयनीन आपला जाळा सोडला."

"कुणी सांगितलं तिला?"

"कोणी नाय. तुमी गेलात, तिना एका टोकाची गाठ सोडली, मगे उठली. म्हणाली, माझो रूपेश गोव्याक नाय, लाईटच्या बोटीर आसा, माझा जाळा मी काढतंय. कोणी इचारूक पण नव्हता हो." त्याचा आवाज थट्टेचा नव्हता. "एक बाजू सोडलेलीच होती, दुसरी बाजू आबाच्या जाळ्याक. ती पण सोडली. मगे आबा तिच्या बाजूक बसलो. वाटला, समजावता. तर तेना आपल्या जाळ्याची दुसरी बाजू सोडूक घेतली."

"आबांनी का?"

बाबल्यानं माझ्याकडे बघितलं. "त्या तुमच्या फोटोत टॉवेलवाल्यांपैकी चांदीचा कडा कोणाच्या हातात होता, बघलात काय? आबान बघला."

मी बघितलं नव्हतं.

"आबान दिल्ला नातवाक. मुंजीक नाय, पैल्या बोटीक. माझो पण पुतण्यो आसा. त्या बोटीर नाय, दुसऱ्या. त्या केळुसकराचो जावय. कोणाचो नाय ता इचारा."

"म्हणजे तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं."

"हय सगळ्यांका सगळा म्हायत असता. पण म्हायत नाय असा म्हणत होतो, म्हणान रापण होती."

मी वहिनीजवळ गेलो. तिनं आपलं जाळं चौकोनी घडी घालून पुढ्यात ठेवलं होतं आणि त्यातला एकेक पेडवा काढून टोपलीत टाकत होती. मी खाली बसलो.

"वहिनी, तो फोटो येणार नाही. पान रद्द झालं. मी काही केलं नाही, आपोआपच झालं."

तिचे हात थांबले नाहीत. मी पुन्हा म्हणालो, "थोडं थांबायचं होतं. मी येईपर्यंत."

"ताच थांबूचा नव्हता," ती म्हणाली. "तुमी येवन फोटो येतलो म्हणालात असतात, मगे मी सोडला असता, तर ता पेपरान सोडल्यासारखा झाला असता. आपल्या हातान सोडूचा म्हणजे कळायच्या आदी सोडूचा."

हे बाबल्यानं ऐकलं. तो मोठ्यानं म्हणाला, "आबा, ऐकलात? फोटो येना नाय. पेपरवालो सांगता. मगे बांधूया परत. आता तर आपल्याच हातान सोडली आसत सगळ्यांनी, अडचण काय?"

सगळे आबांकडे बघायला लागले. दोन-तीन जणांचे हात खरंच थांबले. आबा मांडी घालून बसले होते, समोर अर्धवट सुटलेली शिवण. त्यांनी विचार केल्यासारखं वाटलं.

"बांधूक काय," ते म्हणाले. "गाठी मारूक येळ लागना नाय. पण दोर ओढताना आता मी वयनीच्या बाजूक उभो रवान, माका म्हायत नाय, असा कोणाक सांगू?"

आणि ते पुढची गाठ सोडायला लागले.

निघताना वहिनीनं मला हाक मारली. केळीच्या पानात गुंडाळलेला पुडा तिनं माझ्या हातात दिला. मी नको म्हणालो.

"दोराक हात लावलात. घेवचो लागता."

एसटीत तो पुडा मांडीवर घेऊन मी बसलो. केळीच्या पानातून पाणी गळून पँट ओली झाली. शेजारचा प्रवासी नाक दाबून दुसऱ्या बाकावर गेला.

फोटो दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर, चार कॉलम, ठसठशीत आला. ओळ मी सांगितली तशीच होती. देशिंगकरांनी फोन करून कौतुक केलं. कातळवाडीहून तक्रार आली नाही. तो फोटो नंतर बऱ्याच ठिकाणी छापला गेला, एका कॅलेंडरवरही, आणि खाली दर वेळी जवळजवळ तीच ओळ. आमच्याकडे चुकीची दुरुस्ती छापायची पद्धत होती. कुणी मागितली तर.

रापण पुन्हा बांधली गेली नाही. मी पुढे नोकरी सोडली, आणि बऱ्याच वर्षांनी दुसऱ्या कामासाठी त्या बाजूला गेलो तेव्हा फोटोची मोठी प्रत काढून बरोबर घेतली. सुभावहिनीचं घर शोधावं लागलं नाही. परसात वांग्याच्या वाफ्यावर कोंबड्यांपासून राखण म्हणून तिचं जाळं पसरलेलं होतं. बाकीच्या घरांतही तसंच. ती आता बंदरावरून मासळी आणून विकायची. बोट कुठली असते, ते आम्ही दोघंही बोललो नाही. आबा वारले होते.

तिनं चष्मा लावला आणि फोटो उंबऱ्यावर उजेडात धरला. मला तिला एक गोष्ट दाखवायची होती आणि ती तिनंच आधी बघावी असं वाटत होतं. फोटो मोठा केल्यावर मला ते दिसलं होतं: सगळी माणसं जाळ्यातून काहीतरी उचलून बाजूला फेकताहेत, फक्त एका बाईचे दोन्ही हात एकमेकांजवळ आहेत. मी टेकडीवर उभा राहून ती ओळ सांगत होतो तेव्हा खाली काय सुरू झालं होतं, ते त्या फोटोतच होतं.

तिनं बोट ठेवलं. बरोबर त्याच जागेवर.

"ही मी."

"हो. सोडताना."

"होय." बोट तिथून सरकत शेजारच्या म्हाताऱ्यापर्यंत गेलं. आबा फोटोत टोपली पुढे ओढत होते, त्यांना अजून काही कळलेलं नव्हतं. "मी ह्या टोकाक बसलंय. पैला हा टोक सोडला मी. मगे आबाकडचा. म्हणजे ह्या फोटोत आबाकडचा आजून बांधलेला आसा."

मी वाकून बघितलं. तिथे घडी पडलेली होती, मला काही दिसत नव्हतं.

"खाली काय लिवलेला होता पेपरात?" तिनं विचारलं. "माका कोणी वाचून दाखवूक नाय."

मी ओळ म्हणून दाखवली. ती मला पाठ होती. घराघरांची जाळी आजही एकत्र बांधलेली आहेत.

तिनं चष्मा काढला, मिटला आणि फोटो माझ्याकडे परत न देता कोनाड्यात ठेवला.

"मगे खोटा नाय ता," ती म्हणाली. "एका बाजून होता."